स्पॅनिश ट्रॅजेडी : गोष्ट पाठ आहे, उत्तर जमत नाही

निपाणीची_वाचक :
एम.ए. इंग्रजीच्या पेपरला थॉमस किडचं 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे मूळ नाटक एकदाच रेटून वाचलं, नोट्स मात्र दोनदा. 'सूडनाट्य म्हणून चर्चा करा' असा १५ गुणांचा प्रश्न सोडवायला बसलं की चार पानं नुसती गोष्टच उतरते. नावंही एकमेकांत मिसळतात. बारा दिवस हातात आहेत. कुठून धरू?

कॅम्पातला_मास्तर :
आधी नावं. कोऱ्या कागदावर तीन घरं आखा. पहिलं स्पेनच्या राजाचं : राजा, त्याचा भाऊ कॅस्टीलचा ड्यूक, ड्यूकची मुलं लोरेन्झो आणि बेल-इम्पेरिया. दुसरं पोर्तुगालचं : व्हाइसरॉय आणि त्याचा मुलगा बाल्थझार. तिसरं हिएरोनिमोचं : तो, बायको इझाबेला, मुलगा होरेशिओ. पेड्रिंगानो हा बेल-इम्पेरियाचा नोकर, लोरेन्झोने फोडलेला. सर्बरीन बाल्थझारचा नोकर. भूत होरेशिओचं नाही, अँड्रियाचं. हा बेल-इम्पेरियाचा पहिला प्रियकर, नाटक सुरू होण्याआधीच लढाईत बाल्थझारच्या हातून मेलेला. 'हॅम्लेट'मधला होरेशिओ डोक्यात असला की इथे हमखास घोटाळा होतो.

आता गोष्ट का उतरते ते बघा. तुम्ही पहिल्या अंकापासून सुरू करता आणि तिसऱ्यात अडकता. नाटकाचे अंक चारच आहेत आणि तिसरा बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब. क्रमाने गेलात की वेळ तिथेच संपतो. त्यापेक्षा हिएरोनिमोचा हुद्दा धरा. तो नाइट मार्शल आहे, म्हणजे न्याय देणारा अधिकारी. दुसऱ्याच्या मुलाच्या खुनाचा निवाडा करणाऱ्याला स्वतःच्या मुलासाठी न्याय मिळत नाही, ही उत्तराची कणा-ओळ. मग पाच जागा पुरतात (आधी अंक, मग प्रवेश) :

२.५ : बागेत फासावर लटकलेला होरेशिओ सापडतो. रक्ताने भिजलेला रुमाल हिएरोनिमो शेवटपर्यंत जवळ ठेवतो.
३.२ : बेल-इम्पेरियाने रक्ताने लिहिलेलं पत्र येतं. खुनी लोरेन्झो आणि बाल्थझार हे त्यात आहे, पण हिएरोनिमोला हा सापळा वाटतो.
३.६ आणि ३.७ : सर्बरीनला मारल्याबद्दल पेड्रिंगानोला फाशी होते, त्यावर हिएरोनिमोच देखरेख करतो. पेटीत माफीपत्र आहे या भरवशावर पेड्रिंगानो फासाखाली विनोद करत राहतो आणि पेटी रिकामी निघते. नंतर त्याच्याजवळच्या पत्रातून खुनाचा पुरावा मिळतो.
३.१२ : तो राजाकडे न्याय मागायला जातो. लोरेन्झो आडवा येतो.
३.१३ : 'विंडिक्ता मिही', म्हणजे सूड घेणं माझ्याकडे, हे बायबलमधलं देवाचं वचन. त्याने सुरुवात करून तो सेनेका या रोमन नाटककाराची वाक्यं वाचत सुडाच्या बाजूला सरकतो. पाठोपाठ म्हातारा बाझुल्टो येतो, त्याच्याही मुलाचा खून झालेला.

एवढ्यावर 'हिएरोनिमो उशीर का करतो' हाही प्रश्न सुटतो. ३.७ पर्यंत पुरावा नाही, ३.१२ मध्ये वाट अडवलेली, ३.१३ मध्ये निर्णय. 'स्वभावाने चंचल' असं लिहिलंत तर ते हॅम्लेटचं उत्तर उचलून इथे चिकटवल्यासारखं दिसतं.

खानापूरकर_७ :
मास्तरांचं बरोबर आहे, पण अर्धंच. न्यायाची कणा-ओळ एकटी घेतली तर अँड्रियाचं भूत आणि 'रिव्हेंज' (म्हणजे पात्र होऊन आलेला सूड) या दोघांचं काय करायचं? ते पूर्ण नाटक बसून बघतात. तिसऱ्या अंकाच्या शेवटी रिव्हेंज चक्क झोपलेला असतो आणि अँड्रिया त्याला हलवून उठवतो. बाल्थझार बेल-इम्पेरियाच्या हातून मरणार हे रिव्हेंजने पहिल्याच प्रवेशात सांगितलेलं असतं. म्हणजे हिएरोनिमो न्यायासाठी धडपडतो तेव्हा निकाल आधीच लागलेला आहे. एक परिच्छेद यावर हवाच, नाहीतर उत्तर लंगडं.

शेवटच्या नाटकातल्या नाटकाकडेही नीट बघा (४.४). हिएरोनिमो प्रत्येकाला वेगळी भाषा वाटून देतो : बाल्थझारला लॅटिन, स्वतःला ग्रीक, लोरेन्झोला इटालियन, बेल-इम्पेरियाला फ्रेंच. छापील प्रतीत मात्र सगळं इंग्रजीतच दिलं आहे. एका बाकावर चार भाषा कशा बसतात हे बेळगावात कुणाला सांगायला नको. पण इथे त्याचा उपयोग उलटा आहे : दरबार समोर बसून बघतो आणि खरे खून होतायत हे त्याला उमगत नाही. हा मुद्दा फार थोडे लिहितात.

मृत्यू नऊ : होरेशिओ, सर्बरीन, पेड्रिंगानो, इझाबेला, लोरेन्झो, बाल्थझार, बेल-इम्पेरिया, ड्यूक, हिएरोनिमो. अँड्रियाला यात धरू नका.

निपाणीची_वाचक :
खूप स्पष्ट झालं. दोन शंका. चित्रकाराचा प्रवेश माझ्या प्रतीत आहे, मैत्रिणीच्या प्रतीत नाही. आणि 'हॅम्लेट'शी तुलना आली तर मराठी भाषांतर वाचून चालेल का?

कॅम्पातला_मास्तर :
चित्रकार १६०२ च्या आवृत्तीत घातलेल्या भरीतला आहे. नाटक साधारण १५८७ च्या आसपासचं मानतात, किड १५९४ मध्ये वारला. म्हणून त्या प्रवेशावरून 'किड म्हणतो' असं लिहू नका, 'नंतरच्या भरीत' असं लिहा. मैत्रिणीच्या प्रतीत ती भर बहुतेक परिशिष्टात असेल, मागची पानं चाळायला सांगा.

भाषांतर समजण्यापुरतं जरूर वाचा. आगरकरांचं 'विकारविलसित' १८८३ चं, भाषा जड आहे, आणि त्यात पात्रांना आपल्याकडची नावं आहेत. हॅम्लेट तिथे चंद्रसेन. पेपरात ते नाव निसटलं की पंचाईत. तुलनेला तीनच धागे धरा : भूत कोणाशी बोलतं (हॅम्लेटचा बाप मुलाशी बोलतो, अँड्रिया हिएरोनिमोशी एक शब्दही बोलत नाही), बाप मुलासाठी की मुलगा बापासाठी, आणि नाटकातलं नाटक (तिथे गुन्हा पकडायला, इथे शिक्षा द्यायला).

खानापूरकर_७ :
बारा दिवसांचं असं करा : पहिले चार दिवस मूळ नाटक, रोज एक अंक, तिसऱ्याला मात्र दोन दिवस. म्हणजे पाच झाले, हरकत नाही. मग चार दिवस त्या पाच जागांमधल्या प्रत्येकी दोन ओळी पाठ, इंग्रजीतच. उरलेले तीन दिवस घड्याळ लावून रोज एक उत्तर, ३५ मिनिटांत. गोष्ट सांगणारं वाक्य दिसलं की लाल पेनने खोडा. पहिल्या दिवशी निम्मं पान लाल होईल.