टिपर भंगारात गेला, आता वेर्ण्याला ठेक्यावर जाऊ का?

डिचोलीकर: 2012 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मध्ये थोडं चाललं, 2018 ला परत बंद. खनिज वाहायचा माझा टिपर ट्रक दारातच. टायरांतून गवत उगवलं तेव्हा भंगारात घातला. आता वेर्ण्याला औषध कारखान्यात पॅकिंगचं काम मिळतंय, पण ठेकेदारामार्फत. बिल्ल्यावर कंपनीचं नाव, पगार ठेकेदाराचा. जाऊ का?

सांगेकर: जा बाबा. खाण तरी कुठे आपल्या हातात होती? आपला माल कमी लोखंडाचा. चीन घ्यायचा म्हणून मांडवी नदीत माल नेणाऱ्या बार्जांची रांग. 2022 च्या मे महिन्यात निर्यातकर 50 टक्के केला, नोव्हेंबरात 58 टक्क्यांखाली लोखंड असलेल्या मालावरचा उठवला. दिल्लीत कागद हलला की इथे चाक थांबतं.

वाळपईची वहिनी: भावजी, आधी पीएफ नंबर मागा. आमच्या ह्यांचा ठेकेदार तीन वर्षांत दोनदा बदलला. मशीन तेच, खुर्ची तीच, नोकरी मात्र दरवेळी 'नवीन'. ग्रॅच्युइटीचं नाव काढलं की सगळे छताकडे बघतात.

डिचोलीकर: विचारलं वहिनी. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाला. आई म्हणते, काजूचा हंगाम तरी करून जा.