शब्दचर्चा: ‘एज’ला काठ म्हणावे की कड?

कातळसडा
रत्नागिरीजवळच्या एका मासळी शीतगृहासाठी चालकांची मराठी पुस्तिका तयार होते आहे. तंत्रज्ञान सल्लागारांच्या इंग्रजी मसुद्यात ‘एज’ पानोपानी आहे, म्हणजे माहिती दूर न पाठवता जागेवरच हाताळणारी संगणक यंत्रणा. भाषांतराच्या यंत्राने त्याचे ‘धार’ केले. ‘धार उपकरण’ वाचून चालकाला कोयताच आठवेल. काठ, कड, किनार यांतले काय घ्यावे? आणि क्लाउडला, म्हणजे नेटवरून वापरायच्या दूरच्या संगणकांना, ‘मेघ’ म्हणावे का?

उधाण
मेघ नको. ‘मेघ संगणन’ कागदावर शोभते, पण ऐन जूनमध्ये ‘मेघाशी संपर्क तुटला’ हे वाक्य हवामान खात्याचे वाटेल. क्लाउडच ठेवा, तो सगळ्यांना कळतो.

धार तर चूकच. इथे जाळ्याचे टोक अभिप्रेत आहे, पात्याचे नव्हे. नदीचा काठ, भांड्याचा काठ, लुगड्याचा काठ: वस्तू जिथे संपते ती जागा. म्हणून ‘काठ’ जवळचा. ‘कड’ला ‘कड घेणे’ चिकटलेले आहे आणि ‘किनार’ कापडाकडे ओढते.

तीन फेज
काठ नुसती जागा सांगतो, आणि मसुद्यांत ‘एज’ एकाच पानावर तीन वस्तूंसाठी येतो: खोलीतला तापमानमापक, पॅनेलमधला गेटवे (मापकांच्या नोंदी गोळा करून नेटवर पाठवणारा छोटा संगणक), आणि मोबाईल कंपनीचे जवळचे केंद्र. ‘एजची देखभाल कंत्राटदाराकडे’ असे करारात लिहिले की भांडण ठरलेले. मापकाची तार उंदराने कुरतडली तर ती कोणाची? पुस्तिकेत वस्तूचे नाव लिहा: मापक, गेटवे, टॉवर. ‘काठ’ फक्त प्रस्तावनेत एकदा.

मेरेवरचा
व्याख्याही तपासा. ‘वेग वाढवण्यासाठी एज’ हे वाक्य सगळीकडे छापलेले असते. कोकणात ते फारसे लागू नाही. अ‍ॅमेझॉनचे मुंबईतले क्लाउड केंद्र २०१६पासून आहे, गूगलचे २०१७पासून. रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने सुमारे ३३० किमी. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंदांच्या आत. प्रत्यक्षात वळसे आणि मोबाईल नेटवर्क धरून दोन आकडी मिलिसेकंद. उणे १८ अंशांची खोली तापायला कितीतरी मिनिटे लागतात. तिला या विलंबाचे सोयरसुतक नाही.

इथे एज लागतो तो खंड पडतो म्हणून. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. दुसरे कारण कॅमेरे: सेकंदाला ४ मेगाबिटचे ८ कॅमेरे दिवसाला सुमारे ३४५ जीबी तयार करतात. ते वर पाठवत बसण्यापेक्षा गेटवेवर चाळून घ्यावे.

चालकांना समजवायला तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या, पुरतो. मालक धक्क्यावर, जाळे कुठे टाकायचे ते ठरवणार तांडेल, हिशेब परत आल्यावर. मालकाचा फोन लागत नाही म्हणून तांडेल जाळे गुंडाळून बसत नाही. कॉम्प्रेसर आणि भोंग्याचे निर्णय गेटवेवर, हिशेब क्लाउडवर.

कातळसडा
तांडेल घेतला. मग ‘स्टोअर अँड फॉरवर्ड’ला काय? आणि नेट तुटण्याला मसुद्यात ‘लाईन गेल्यास’ आहे, ते ठीक ना?

तीन फेज
‘लाईन गेल्यास’ आधी काढा. पुस्तिकेतला सगळ्यात धोक्याचा शब्द तोच आहे. आपल्याकडे वीज गेली तरी लाईन गेली, फायबर तुटली तरी लाईन गेली, एक फेज उडाला तरी लाईन गेली. उपाय तीन वेगळे. वीज गेली तर जनरेटर. नेट गेले तर काहीच करायचे नाही. एक फेज गेला तर कॉम्प्रेसर आधी थांबवायचा, नाहीतर मोटर जळते. ‘वीज गेली’, ‘नेट गेले’, ‘फेज गेला’ असे सुटे लिहा.

त्याच नादात ‘रिडंडंसी’ (एक बंद पडले तर दुसरे तयार ठेवणे) म्हणजे ‘दोन सिम’ असे कोणी लिहिले असेल तर तेही खोडा. दोन कंपन्यांची सिमे एकाच टॉवरवर असू शकतात, आणि दोघांची फायबर एकाच रस्त्याकडेच्या चरातून गेलेली असते. जेसीबीचा एक घाव पुरतो. ‘दुसरी वाट’ म्हणा, आणि ती खरोखर दुसरीकडून जाते का ते टॉवरपर्यंत विचारून घ्या.

उधाण
स्टोअर अँड फॉरवर्डला ‘साठवून पाठवणे’: नेट नसताना नोंदी गेटवेवर ठेवायच्या, आले की क्लाउडवर पाठवायच्या. जागा फार लागत नाही: २० मापक, दर १० सेकंदांनी २०० बाइट, म्हणजे दिवसाला सुमारे ३५ एमबी. महिनाभराचे जेमतेम १ जीबी. मात्र साध्या मेमरी कार्डवर सतत लिहिले की ते लवकर मरते. त्याऐवजी औद्योगिक एसएसडी, म्हणजे जास्त टिकाऊ साठवण, घ्या.

इथे दोन शब्द नवे हवेत. टाइमस्टॅम्पचे ‘वेळ’ एवढेच केले तर घोटाळा होतो. ‘नोंदवेळ’ म्हणजे मापकाने तापमान वाचले ती, ‘पोचवेळ’ म्हणजे क्लाउडवर पोचले ती. नेट तीन दिवसांनी आले आणि आलेख पोचवेळेवर काढला, तर तीन दिवसांचे तापमान एका तासात कोंबलेले दिसते आणि मालाची तपासणी करणारा खोट्या शंका काढतो.

नोंदवेळ खरी राहण्यासाठी गेटवेत घड्याळाचा सेल हवा. तो नसला तर वीज येताच डबा जुन्या तारखेने उठतो, आणि सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून जोडणीच नाकारली जाते. मग सगळे सिमला दोष देतात.

मेरेवरचा
नोंदवेळ छान. एमक्यूटीटी ही मापकांच्या नोंदी नेटवरून पाठवण्याची पद्धत; तिच्या ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस १’ला ‘किमान एकदा’ म्हणा, ‘दर्जा १’ नको. दर्जा म्हटले की चांगला-वाईट वाटतो. किमान एकदा म्हणजे कधीकधी दोनदाही, हे शब्दातच कळते, आणि दुबार नोंद ओळखण्यासाठी नोंदीला क्रमांक का द्यायचा तेही.

कातळसडा
पॅनेलवरच्या पट्टीचा मजकूर असा करतो: ‘हिरवा दिवा विझला तर नेट गेले आहे. यंत्रणा चालू आहे. पेटीचा स्विच बंद करू नका.’ काय ता एकदा ठरवा, उद्या छापायला जायचे आहे.

तीन फेज
शेवटचे वाक्य ठळक करा. नेट गेले की डबा बंद-चालू करण्याची सवय सगळ्यांना असते, आणि लिहिता लिहिता वीज तोडली की साठवलेल्या नोंदी बिघडतात.

उधाण
‘पेटी’ तेवढी बदला. तिथे मासळीच्याही पेट्या असतात. ‘राखाडी डबा’ लिहा.