कमी साखरेचं अ‍ॅपल क्रम्बल: वरचा थर कुरकुरीत राहत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, थंडी सुरू झाली की आमच्याकडे रात्री जेवण झाल्यावर ओव्हनमधलं गरम काहीतरी गोड सगळ्यांनाच हवं असतं. पण बाबांना शुगर निघालीये त्यामुळे केक, पाय वगैरे आता नकोच, आणि बाकीच्यांनी खायचं आणि त्यांनी नुसतं बघत बसायचं हे मला अजिबात पटत नाही. डॉक्टरांनी फळं प्रमाणात चालतील म्हटलंय म्हणून अ‍ॅपल क्रम्बल करतेय, म्हणजे खाली सफरचंदाच्या फोडी, वर ओट्सचा थर.

सध्याचं प्रमाण असं: ४ मध्यम सफरचंदं सालासकट (फायबर बरंचसं सालात असतं म्हणून सोलत नाही), १ चमचा दालचिनी पूड, अर्ध्या लिंबाचा रस. वरच्या थराला १ कप ओट्स, अर्धा कप कणिक, मूठभर अक्रोड, २ टेबलस्पून मध, १ टेबलस्पून तेल. १८० डिग्रीवर ४० मिनिटं. वास तर इतका सुंदर सुटतो की सगळे आधीच टेबलाशी येऊन बसतात, पण वरचा थर कुरकुरीत होतच नाही, कुठे कोरडं पीठ लागतं तर कुठे ओल्या भुशासारखं, आणि खाली फळाला एवढं पाणी सुटतं की वाटीत रस्सा दिसतो. जास्त वेळ ठेवलं तर वरून काळपट होतं पण कडक नाहीच.

बटर आणि साखर कमीत कमी ठेवून हा थर कुरकुरीत करता येतो का? फळाचं पाणी कमी कसं करायचं? आणि पेअर घातलं तर चालेल का? कुणी नियमित करत असेल तर प्लीज प्रमाणासकट सांगा.

प्रतिसाद:
तुमचा थर बिघडतोय तो मुख्यतः मधामुळे. मध हवेतली आणि फळाच्या वाफेतली ओल धरून ठेवतो, शिवाय साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून रंग येतो पण कडकपणा येत नाही. आणि शुगरच्या दृष्टीने मध काय, खजूर काय, ब्राऊन शुगर काय, सगळी साखरच धरायची.
मी असं करते की फळात साखर शून्य, आणि जी काय थोडी घालायची ती फक्त वरच्या थरात, एवढ्या प्रमाणाला २ टेबलस्पून साधी दाणेदार. तिथे ती वितळून परत घट्ट होते आणि थर कडक करते, आणि जिभेला पहिल्यांदा तोच थर लागतो त्यामुळे एकूण गोडवा कमी आहे हे चटकन कळत नाही. स्निग्ध पदार्थ मात्र १ टेबलस्पून खूपच कमी आहे हो, ३ तरी हवेत, नाहीतर पीठ कोरडंच राहणार. बटर नको असेल तर तेल घ्या, पण कणकेच्या जागी बदामाची पूड घाला, तिचं स्वतःचं तेल असतं. ओट्स जाड घ्या, झटपट शिजणारे बारीक नको, आणि आधी कढईत कोरडेच खरपूस भाजून घ्या. चिमूटभर मीठ विसरू नका, त्याने गोडी उठून दिसते.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर, पण पाण्याचा बंदोबस्त नाही केला तर कुठलाही थर मऊच पडणार. फोडी पसरट पॅनमध्ये झाकण न ठेवता ७-८ मिनिटं परता, सुटलेला रस तिथेच आटवा, मग डिशमध्ये घाला. वर फॉइल लावू नका, वाफ कोंडते. १ चमचा कॉर्नफ्लॉवर फोडींना चोळला तरी रस दाटतो, पण कडेने बुडबुडे दिसेपर्यंत बेक व्हायला हवं, तोवर तो काम करत नाही.
सफरचंद घट्ट जातीचं बघा. ग्रॅनी स्मिथ आकार छान धरतं पण आंबट, मग साखर वाढवायचा मोह होतो, म्हणून निम्मं ते आणि निम्मं फुजी घ्या. पेअर चालेल, पूर्ण पिकलेलं नको, त्याचा लगदा होतो.
बाबांसाठी एक सांगावंसं वाटतं, फळाची स्वतःची साखर असतेच, सफरचंदात १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम, त्यामुळे वाटी लहानच ठेवा आणि किती खाल्लेलं चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सोबत आईस्क्रीमऐवजी बिनसाखरेचं घट्ट दही द्या, मस्त लागतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघींचे! साखर फळात न घालता फक्त वर घालायची हे डोक्यातच आलं नव्हतं. बदामाची पूड आहे घरात, उद्याच करते. अजून एक विचारायचंय, पाहुणे येणार आहेत तेव्हा आदल्या दिवशी करून ठेवता येईल का? मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं की होतं नव्हतं तेवढं कुरकुरीतपण जातं.

प्रतिसाद:
पूर्ण बेक करून नका ठेवू. फळ परतून फ्रिजमध्ये आणि वरचा थर कच्चाच डब्यात घालून फ्रीजरमध्ये, दोन्ही वेगवेगळं. ऐनवेळी थर तसाच गारेगार पसरायचा आणि ओव्हनमध्ये, फळ थंड असल्यामुळे ५-१० मिनिटं जास्त लागतील. उरलेलं गरम करायचं तेही ओव्हनमध्येच, १६० वर १० मिनिटं.