प्रतिसाद: शिकलेली माणसंही मान डोलावतात की

वर एकांनी लिहिलंय, शिकलेला माणूस गटाच्या दबावाला बळी पडत नाही. मला नाही पटत. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५१ च्या सुमारास अमेरिकेत प्रयोग केले ते कॉलेजच्या पोरांवरच. सारख्या लांबीची रेघ ओळखायची, बस. गटात खरी परीक्षा एकाच पोराची, बाकीचे सगळे ॲशला सामील, ठरवून चुकीचं सांगणारे. तरी चारातल्या जवळपास तिघांनी एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून त्यांचीच री ओढली.

आमच्या पेठेतल्या मंडळाची गणपतीआधीची मीटिंग सांगतो. यंदा साउंडचा खर्च झेपणार नाही, असं बाहेर चहाच्या गाड्यावर जो तो म्हणत होता. आत अध्यक्षांनी "कुणाची हरकत?" विचारलं आणि सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. मी तर (आता लपवायचं काय!) वर्गणीचं पावतीपुस्तक चाळायला लागलो. तेवढ्यात कोपऱ्यातनं तालमीतले एक म्हातारे पैलवान म्हणाले, "मला न्हाई पटत बघा." दोन मिनिटांत सात हात वर! ॲशलाही हेच दिसलेलं: बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, की री ओढणारे एकदम कमी.

साउंड आलाच शेवटी. पण निम्मा.