मदत हवी आहे: लष्करी अळी आणि तिचा परोपजीवी, दोन्हींच्या प्रसाराचा अंदाज एकत्र कसा बांधावा?

मंडळी, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी वर्षभर कुठे टिकेल आणि तिच्या अंड्यांवर वाढणारा टेलेनोमस रेमस (एक चिमुकली गांधीलमाशी) तिथे तग धरेल का, याचे नकाशे मॅक्सएंटमध्ये (कीटक सापडल्याच्या नोंदी आणि हवामान जुळवून त्याला मानवणारा प्रदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) करतोय. १९ जैवहवामान चलांपैकी (तापमान-पावसाची मापं) ०.७ च्या वर सहसंबंध असलेल्या जोड्यांतलं एकेक चल गाळलंय, नकाशाच्या एका चौकटीत एकच नोंद ठेवलीय.

अळीचं बरंचसं जमलंय. ती सुप्तावस्थेत जात नाही; उन्हाळ्यात पतंग कॅनडापर्यंत पोचतात, पण तिथला हिवाळा काढू शकत नाहीत. त्या नोंदी तशाच घातल्या तर मॉडेलला वाटतं किडीला थंडी सोसते, आणि नकाशा उत्तरेकडे फुगतो. म्हणून त्या काढल्या. कोरड्या भागातला ओलिताखालचा मका मात्र पावसाच्या चलांना दिसत नाही, त्यासाठी सिंचनाचा थर वेगळा जोडलाय.

घोडं अडलंय टेलेनोमसवर. नोंदी मोजक्याच, त्याही जिथे कुणी अंडीपुंज गोळा करून तपासले तिथल्याच. पार्श्वभूमीचे बिंदू (नोंदींशी तुलनेसाठी घेतलेल्या जागा) जगभरातून घेतले की मॉडेल परोपजीवी नाही, सर्वेक्षणाच्या जागा शिकतं!

तर, पार्श्वभूमी फक्त अळीची अंडी तपासलेल्या भागापुरती ठेवावी का? आणि अळीचा नकाशा चल म्हणून आत द्यावा, की दोन्ही नकाशे शेवटी गुणावेत? गुणाकार मला पटत नाही, तापमान दोनदा मोजलं जातं. की हे सगळं सोडून दोघांच्या दिवस-अंशांवरून (वाढीला लागणाऱ्या, दिवसागणिक साठणाऱ्या उष्णतेवरून) पिढ्यांचा मेळ बघावा? कुणी केलं असेल तर टेलेनोमससाठी वाढ सुरू होण्याचं किमान तापमान किती धरलं आणि का, तेही सांगा.