आठवीच्या वर्गात दुपारी गाणी लावावीत का?

खडू_डस्टर:
मी आठवीला गणित शिकवते, तालुक्याच्या गावची शाळा. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला पोरं अर्धी झोपेत असतात. परवा नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घेतल्या, शाळेत काय आवडत नाही म्हणून, तर बऱ्याच जणांचं तेच, दुपारी कंटाळा येतो. एकाने लिहिलंय "पंखा पण मोजून झाला". तर गणितं सोडवताना स्पीकरवर हळू आवाजात काहीतरी लावावं असं डोक्यात आहे. कुणी केलंय का? आणि मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते म्हणतात ते खरं का? पालक विचारणारच.

निवांत_मास्तर:
मोझार्टचं सोडा मॅडम. १९९३ ला 'नेचर'मध्ये आलेला प्रयोग तो, ३६ कॉलेजची पोरं, दहा मिनिटं सोनाटा ऐकवला आणि आकृत्यांच्या कोड्यांत थोडे जास्त मार्क पडले, तेही दहा-पंधरा मिनिटंच टिकलं. पुढचं सगळं लोकांनी वाढवलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने तर १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला सीडी द्यायला सरकारी पैसे मागितले होते, बोला आता!
लावायचंच तर नुसती बासरी, संतूर असलं काही लावा. वाचन किंवा शाब्दिक उदाहरणं चालू असताना शब्द असलेलं गाणं अजिबात नको, कान तिकडेच जातात.

ठेका_धरा:
मी म्हणतो लावू नका, वाजवून घ्या. तशीही बाकं बडवतातच की. अर्ध्या वर्गाला दादरा ताल द्या, सहा मात्रा म्हणजे सहा ठोके, धा धी ना धा ती ना. उरलेल्यांना केरवा, आठ मात्रा. दोघांनी एकाच लयीत, एकदम सुरू करायचं आणि दर फेरीच्या फक्त पहिल्या मात्रेला टाळी, बाकीच्या बोटांवर मोजायच्या. टाळ्या आधी इकडे तिकडे पडतात, सगळे हसतात, आणि मग चोवीस मात्रा झाल्या की पंचविसाव्याला दोन्ही गटांची टाळी एकदम. तेव्हा विचारा चोवीसच का? लसावि फळ्यावर न लिहिता आला की नाही! मग केरव्याच्या जागी रूपक द्या, सात मात्रांचा, आणि टाळी कधी जुळेल ते आधी सांगायला लावा. बेचाळीस येईपर्यंत लय पळते हे मात्र खरं, एखाद्याला नुसती लय धरायला उभं करा.

भिंतीपलीकडचा:
आणि शेजारच्या वर्गात इतिहास शिकवणाऱ्याने काय करायचं? आमच्याकडे मधली भिंत म्हणजे पत्र्याचं पार्टिशन आहे. हे सगळं मैदानात करा, हात जोडतो.
दुसरं, वर्गात कुणाला श्रवणयंत्र असेल तर मागे चालू असलेलं संगीत त्याला फार त्रासाचं, यंत्र तेही मोठं करतं आणि तुमचं बोलणं त्यात बुडतं. आधी त्या मुलाला विचारा.

शनिवारची_शाळा:
गाणं पोरांना निवडू देणार असाल तर यादी आदल्या दिवशी घ्या हो, नाहीतर हळदीतला डीजे सुरू होतो. आमच्याकडे एकाने सुचवायचं, बाकीच्यांनी हात वर करायचे असं चालतं, आणि ते गाणं तास सुरू व्हायच्या आधी, वह्या निघेपर्यंत. तेवढ्यावर पण पोरं खूश असतात.

खडू_डस्टर:
श्रवणयंत्राचं लक्षातच नव्हतं आलं, एक मुलगी आहे वर्गात. मग स्पीकर राहू दे, दादरा-केरवा करते, लिंबाखाली नेऊन. @ठेका_धरा, रूपकाचे बोल टाका ना.

ठेका_धरा:
ती ती ना, धी ना, धी ना. आणि मॅडम, याची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली' असते, तिला टाळी देत नाहीत, म्हणजे जाणकार पोरगं निघालं तर "पहिल्या मात्रेला टाळी कशी" म्हणून भांडेल, त्यालाच लय धरायला लावा.