अनुभव धागा: संशोधक विद्यार्थ्यांनो, तुमचा दिवस कोणाच्या घड्याळावर चालतो?

मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या केळवणाला गेले होते. पानं वाढून झाली आणि लॅबमधून ज्युनियरचा फोन आला. गलका होता म्हणून मी जरा मोठ्यानेच बोलले, "सकाळच्या व्हर्जिन मी काढून ठेवल्यात गं. पुढच्या तू काढ, पण आठ तासांच्या आत!" फोन ठेवला तर अख्खी पंगत गप्प. मामीने विचारलं, "शिक्षण नक्की कसलं चाललंय तुझं?"

तर खुलासा. मी पुण्यात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे आणि माझं काम फळमाश्यांच्या झोपेवर आहे. केळी जास्त पिकली की त्यावर घोंघावतात त्याच, चिलटाएवढ्या. कोणत्या मादीची जोडी कोणत्या नराशी लावायची हे आम्ही ठरवतो, त्यामुळे मादी कोरी लागते. २५ अंश तापमानात कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास ती नराला दाद देत नाही. तेवढ्यात तिला वेगळं काढायचं. माश्या बहुतेक सकाळच्या प्रहरी बाहेर पडतात, म्हणून सातला बाटल्या रिकाम्या करायच्या, दुपारी पुन्हा, आणि रात्री अकराला शेवटची खेप. कार्बन डायऑक्साइडवर माश्या आडव्या झाल्या की सूक्ष्मदर्शकाखाली मऊ ब्रशाने एकेक उलटून बघायची. ताजी मादी फिकट असते आणि पोटावर एक काळपट ठिपका दिसतो. ठिपका दिसला की कुपीत. पहिल्या वर्षी अशाच एका कुपीत माझ्या नजरेतून एक नर सुटला आणि तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं.

माशी झोपली हे कसं कळतं, असं सगळेच विचारतात. बारीक काचनळीत एक माशी, मधोमध अवरक्त किरण. ती इकडून तिकडे गेली की किरण तुटतो आणि यंत्र नोंद करतं. सलग पाच मिनिटं हालचाल नाही म्हणजे झोप. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल माश्यांच्याच जैविक घड्याळावरच्या कामाला मिळालं, हे मी घरी बरेचदा सांगून पाहिलंय. आई म्हणते, "त्यांना मिळालं ना."

छंद मोडी लिपी. दुपारची खेप ते रात्रीची खेप यात जे तास उरतात ते तिला. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात, हात न उचलता. शब्द कुठे तुटतो त्याचा पत्ता लागू देत नाहीत. पहिले सहा महिने मला नुसती गुंतवळ दिसायची, मग एके दिवशी 'श्रीमंत' दिसलं. ठिपकाही असाच एके दिवशी दिसायला लागला होता.

तुमचं सांगा. विषय कोणताही. पूर्ण झालेली पीएचडी चालेल, अर्ध्यात सोडलेलीही चालेल.

– माशीवाली

---

सिलिकाजेल

ताई, केळवणाचं वाचून बसमध्ये एकटीच हसले.

मी सेंद्रिय रसायनशास्त्रात, तिसरं वर्ष. आमचा दिवस घड्याळावर नाही, कॉलमवर चालतो. काचेच्या लांब नळीत सिलिका भरायची, वर आपलं मिश्रण, आणि वरून इथाइल ॲसिटेट-हेक्झेन हे द्रावक सोडत राहायचं. मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे होऊन खाली उतरतात, तिथे परीक्षानळ्यांची रांग. मध्येच उठून चालत नाही, सिलिका कोरडी पडली तर तडा जातो. चहाला चला म्हणणाऱ्याला आमच्याकडे "कॉलम लागलाय" एवढंच उत्तर असतं. मग एनएमआरच्या (रेणूची रचना सांगणाऱ्या यंत्राच्या) रांगेत नंबर. आलेख आल्यावर ७.२६ ला क्लोरोफॉर्म (नमुना ज्यात विरघळवतो ते) तेवढा ऐटीत उभा आणि आपला पदार्थ कुठे दिसत नाही, असा प्रसंग माझ्यावर किती वेळा आला ते विचारू नका.

पैशांचंही लिहिते, कारण ते कोणी लिहीत नाही. जेआरएफचे (संशोधकांच्या फेलोशिपचे) ३७,००० कागदावर दर महिन्याला असतात. मला एकदा सात महिन्यांनी एकरकमी मिळाले. तोवर मेसच्या काकूंनी वहीत मांडून ठेवलं आणि एकदाही तोंडाने विचारलं नाही.

छंद म्हटलं तर वर्षातून तीन आठवडे: काटेरी हलवा. आजीकडून शिकले. पौषातल्या थंडीत पहाटे शेगडीवर मंद आचेची परात, त्यात तीळ, आणि चमचा-चमचा पाक घालत बोटांनी हलवत राहायचं. एकदम जास्त पाक पडला की गोळे होतात, आच वाढली की काटा मोडतो. चार-पाच दिवस रोज थोडा थोडा केला की काटे उभे राहतात. बोटांच्या टोकांची सालं निघतात ती वेगळी. लॅबमध्ये सध्या एका संयुगाचा स्फटिक वाढवायचा प्रयत्न चाललाय. तिथे नेमकं उलट आहे: कुपी कोपऱ्यात ठेवायची आणि श्वासही जपून घ्यायचा. गेल्या वेळी साफसफाईत कोणीतरी कुपी उचलून पुन्हा नीट जागेवर ठेवली होती.

---

फळा-खडू

गणित. सकाळी एक वाक्य लिहितो, संध्याकाळी ते खोटं निघतं. लॅब नाही, माश्या नाहीत, कॉलम नाही. आठवड्याचा खर्च एक खडूचा खोका आणि चहा. छंद चालणे, पण तोही कामातच मोडतो असं बायकोचं म्हणणं, कारण परवा भाजी आणायला निघालो आणि पिशवीसकट विभागात पोचलो.

---

तीस तबकड्या

रेडिओ खगोलशास्त्र. "रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असशील ना?" – नाही हो. मला आकाशात सप्तर्षी आणि मृग सोडून फारसं काही ओळखता येत नाही. चंद्र कोणत्या तिथीचा आहे ते माझ्यापेक्षा आज्जीला पक्कं माहीत असतं.

माझा डेटा येतो नारायणगावजवळच्या खोडदहून, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना; १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना लांबवर, शेतांमधून. आपला स्रोत जेव्हा वर येईल तेव्हा आपली पाळी. आणि तो रोज चार मिनिटं आधी उगवतो, म्हणजे आज रात्री दोनला असलेलं काम महिन्याने बाराला. खरं काम मात्र नंतरचं, पुण्यात, संगणकावर. मोबाइल, विजेच्या तारांवरची ठिणगी, वरून जाणारे उपग्रह, सगळ्यांची खरखर त्यात मिसळलेली असते. ती निवडून टाकायची. तांदूळ निवडल्यासारखंच, फक्त खडे तांदळाहून मोठे आणि जास्त. पाच तासांच्या निरीक्षणातून माझ्या हाती एकदा दीड तास उरला होता.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात. शाळांच्या बसच्या बस येतात. एकदा मी समजावून सांगायला उभा होतो. जुन्नरकडची एक चौथीतली मुलगी तबकडीकडे मान वर करून म्हणाली, "पण दादा, ही तर नुसती जाळीये. लहरी खाली सांडत नाहीत का?" माझ्या मुलाखतीत तज्ज्ञांनीही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, मच्छरदाणीतून वारा येतो, डास येतो का? आमच्या लहरी भोकांपेक्षा कितीतरी मोठ्या, त्या अडतात. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी बांधता आली. ती म्हणाली, "मग पाऊसपण जातो." आणि पुढे गेली.

छंद सायकल. खोडदला मुक्काम असला की पहाटे शिवनेरी, येताना नारायणगावात मिसळ.

---

ओला कंदील

मी बेडूक-भेकांवर काम करते, आंबोलीला. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माझं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. सड्यावरच्या कातळात डबकी साचली की आंबोली टोड बाहेर येतो (शास्त्राला तो २००९ मध्येच माहीत झाला, गावाला अर्थातच आधीपासून) आणि त्या विणीच्या थोड्याच रात्रींत माझं निम्मं काम आटपायचं असतं. डोक्यावर टॉर्च, गुडघ्यापर्यंत गमबूट, वही प्लास्टिकच्या पिशवीत. जळवा बुटाच्या आतही पोचतात. पहिल्या वर्षी किंचाळायचे, आता मोजते. एका रात्रीचा उच्चांक ३१.

जिथे राहते तिथल्या आजी रोज विचारतात, "गो चेडवा, असल्या पावसात खंय चललंस?" बेडूक बघायला, म्हटलं की त्या देवापुढे दिवा लावतात. माझ्यासाठी की बेडकांसाठी, ठाऊक नाही.

पाऊस सरला की बेडूक गप्प होतात आणि मी संगणकापुढे बसते. त्याच दिवसांत इकडे जत्रा सुरू होतात, म्हणजे दशावतार. रात्रभर जागायची सवय चार महिन्यांत लागलेलीच असते. मागच्या वर्षी एकाच महिन्यात नऊ नाटकं झाली. गाईडना आठच सांगितली.

---

तासिकावाला

तुम्ही सगळे पूर्णवेळ, म्हणून थोडं वेगळं लिहितो. मी मराठवाड्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. फेलोशिप नाही. वय ४१. पीएचडी गवतांवर: कुसळी, पवना, मारवेल. रविवारी मोटारसायकलवरून माळरानं फिरायची, नमुने आणायचे, वर्तमानपत्राच्या घडीत दाबायचे आणि कागद रोज बदलायचे. एक दिवस चुकला तर बुरशी. घरातली सगळी रद्दी गवताला जाते, त्यामुळे रद्दीवाल्याने आमची गल्लीच सोडली.

रात्री जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दहावीतली मुलगी. तिने परवा विचारलं, "पप्पा, आधी कोण पास होईल?" छंदाला वेळ नाही. पण मेंढपाळांकडून गवतांची नावं लिहून घेतो, ती वही प्रबंधात बसत नाही. त्यांच्याकडे एकाच गवताला कोवळं असताना एक नाव आणि कुसळ धरल्यावर दुसरं. आमच्या ग्रंथांत एकच.

---

माशीवाली

सर, ती वही छापा. कुठेही, पण छापा.

---

गॅन्झेलीझल

माझी झाली दोन वर्षांपूर्वी, जर्मनीत, ग्योटिंगेनला. चेतापेशींची सूक्ष्मचित्रं. तिथे संध्याकाळी सहानंतर लॅबमध्ये दिसलो की तंत्रज्ञ बाई काळजीने विचारायच्या, "घरी सगळं ठीक आहे ना?" रविवारी दुकानं बंद. शनिवारी कोथिंबीर विसरलात तर सोमवारपर्यंत विसरा. मग रविवारी आम्ही चौघं मराठी एकत्र जमून एकांकिका मोठ्याने वाचायचो. पाचवं पात्र आलं की भांडणं.

डिफेन्स (प्रबंधाची तोंडी परीक्षा) झाल्यावर लॅबवाले पुठ्ठ्याची टोपी करून घालतात, त्यावर तुमच्या सगळ्या खोड्या चिकटवलेल्या. माझ्यावर कुकरची शिट्टी होती. मग हातगाड्यात बसवून जुन्या नगरभवनापुढच्या कारंज्यापर्यंत ओढत नेतात. तिथे हंस सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, त्यावर चढून तिला फुलं द्यायची आणि गालावर ओठ टेकवायचे. नवा डॉक्टर झाला की हे होतंच. घरी व्हिडिओ पाठवला. आईचा पहिला प्रश्न, "मुलगी कोण?"

---

तीस तबकड्या

@सिलिकाजेल, स्फटिकाचं पुढे काय झालं?

---

सिलिकाजेल

आला दादा. दुसऱ्या कुपीत, दिवाळीच्या सुट्टीत, कोणी लॅबमध्ये नसताना. ०.२ मिलिमीटर, क्ष-किरणांना पुरतो. रचना निघाली ती आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो ती नाहीच. गाईड दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे जास्त बरंय." तो पेपर आता लिहितेय. यंदा हलवा करायला आजी नाही, परात मात्र माझ्याकडे आलीये.